गुंडाला शेवटी मरावंच लागायचं

१९३० साली हॉलिवूडमधल्या एका सेटवर दिग्दर्शक मर्विन लरॉय याच्यापुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. त्याच्या ‘लिटल सीझर’चा नायक टोळीचा म्होरक्या होता. गोळी झाडताना त्याची पापणीही लवता कामा नये. पण ती भूमिका करणारा एडवर्ड जी. रॉबिन्सन पिस्तुलाचा बार उडाला की दर वेळी डोळे मिटून घ्यायचा. कितीही प्रयत्न केला तरी त्याचं दचकणं थांबेना. शेवटी त्याच्या पापण्यांना पारदर्शक चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले, तेव्हा कुठे डोळे उघडे राहिले. ज्या थंड नजरेने पुढे सगळ्या अमेरिकेला घाबरवलं, ती नजर चिकटपट्टीने धरून ठेवलेली होती.

जुन्या हॉलिवूडमधल्या रांगड्या नटांबद्दल कुणी विचारलं की मी आधी हाच किस्सा सांगतो. रॉबिन्सन हा बुखारेस्टमध्ये जन्मलेला, दहा वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आलेला ज्यू मुलगा. चित्रांचा वेडा. त्याचा चित्रसंग्रह अमेरिकेत नावाजलेला होता. जेम्स कॅग्नी मुळात नाचणारा. रंगमंचावरचं त्याचं अगदी सुरुवातीचं काम म्हणजे बाईच्या वेशात कोरसमध्ये नाचणं. संगीत नाटकांची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला त्यात वावगं काही वाटू नये. हम्फ्री बोगार्ट डॉक्टरांचा मुलगा, सुखवस्तू घरातला, बुद्धिबळात तरबेज. पॉल म्युनी यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, रंगभूमीवर वाढलेला. जॉर्ज राफ्ट तेवढा खऱ्या गुंडांच्या उठण्याबसण्यातला होता, आणि या पाचांत नट म्हणून सगळ्यांत थिटा मला तोच वाटतो.

मग तो निर्दय चेहरा आला कुठून? आणि नेमका १९३१ च्या सुमारास, बराचसा एकाच स्टुडिओतून का आला?

सुरुवात दारूपासून करावी लागते. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा झाला. ही बंदी ५ डिसेंबर १९३३ पर्यंत टिकली. पिणारे मात्र कुठे गेले नव्हते. ज्या मालाला गिऱ्हाईक आहे पण दुकान नाही, तो माल गल्लीतला दादा पुरवतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत हातभट्ट्या आणि गुत्ते कसे फोफावले, हे ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय त्यांना हे गणित नव्याने समजावून सांगायला नको. अमेरिकेत ते फार मोठ्या प्रमाणावर झालं. शिकागोत अल कपोन या टोळीच्या म्होरक्याचं नाव महापौरासारखं घेतलं जाऊ लागलं. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी तिथल्या एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, आणि वर्तमानपत्रांनी ती बातमी घरोघरी पोचवली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. १९३३ उजाडेपर्यंत दर चार कामगारांमागे जवळपास एक घरी बसला होता. आयुष्यभर इमानाने राबलेल्या माणसाची बँकेतली पुंजी बुडाली होती, आणि अंधारात तिकीट काढून बसल्यावर त्याला पडद्यावर काय दिसत होतं? गलिच्छ वस्तीतला एक पोरगा शिंप्यापुढे उभा राहून नव्या सुटाचं माप देतोय. त्या पोराचा मार्ग चुकीचा आहे हे प्रेक्षकाला कळत होतं. तरी तो सूट त्याच्या डोळ्यांत भरत होता.

पण नुसत्या बातम्यांनी नट तयार होत नाहीत. नट घडवला तो आवाजाने.

गुंडांचे चित्रपट मूकपटाच्या काळातही होते. मात्र मूकपटातला गुंड म्हणजे टोपी, सावली आणि धूर. ऑक्टोबर १९२७ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ‘द जॅझ सिंगर’ आणला, त्यात थोडी गाणी आणि मोजकी वाक्यं ऐकू आली. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीचा ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’ आला. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलणारा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि त्याचा विषय चोरट्या दारूचा धंदा आणि गुंड. आता बंदुकीचा बार ऐकू येत होता, वळणावर किंचाळणारी गाडीची चाकं ऐकू येत होती. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माणसं बोलत होती. तेव्हा बऱ्याच स्टुडिओंना वाटायचं की पडद्यावर शुद्ध, इंग्रजी रंगभूमीच्या वळणाचं बोललं पाहिजे. त्यासाठी उच्चार शिकवणारी माणसं ठेवली गेली. नट एकेक शब्द तोलूनमापून उच्चारू लागले आणि चित्रपट जागच्या जागी थांबू लागले. कल्पना करा, पडद्यावर सगळी पात्रं छापील मराठीत बोलताहेत, आणि मध्येच लालबागच्या चाळीतलं एखादं कार्टं येऊन आपल्या भाषेत तोंड सोडतं. थेटरात जीव येणारच.

कॅग्नीने तेच केलं. तो न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत वाढला. वडील दारूच्या गुत्त्यात काम करणारे आणि स्वतःही पिणारे. शेजारी आयरिश, जर्मन, ज्यू, हंगेरियन. गल्लीतल्या पोरांकडून तो यिद्दिश शिकला आणि ‘टॅक्सी!’ नावाच्या १९३२ च्या चित्रपटात ती त्याने झोकात बोलूनही दाखवली. त्याचं इंग्रजी तडतड फुटणाऱ्या लाह्यांसारखं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत याचं उत्तर तयार. शिवाय अंगात नाच असल्यामुळे तो साधा खोलीत शिरला तरी टाचा न टेकवता शिरल्यासारखा वाटायचा. उंचीने बेताचा, तरी नजर हटत नाही. रांगडेपणा दंडात असतो हा समज त्याने खोटा ठरवला. त्याचा रांगडेपणा वेगात होता.

आता स्टुडिओकडे वळू, कारण तो समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. आपल्या प्रभातमध्ये जशी सगळी मंडळी महिन्याच्या पगारावर असायची, तशीच हॉलिवूडची व्यवस्था होती, फक्त अवाढव्य. लेखक, सुतार, शिंपी, नट, सगळे कंपनीचे. नटाचा करार साधारण सात वर्षांचा. कंपनीला तो अधूनमधून मोडता यायचा, नटाला नाही. मिळालेली भूमिका नाकारली तर पगार बंद, आणि घरी बसवलेला काळ कराराच्या शेवटाला जोडला जायचा. म्हणजे सातची आठ, नऊ वर्षं होऊ शकत. बनवलेला चित्रपट विकायची चिंताही मोठ्या कंपन्यांना नव्हती, कारण थेटरंही त्यांचीच. मुंबईत धोबी तलावला १९३८ साली उभं राहिलेलं मेट्रो थेटर हे एमजीएम या कंपनीने स्वतः बांधलेलं. ती इमारत पाहिली की ही साखळी किती लांब पोचली होती हे कळतं. ज्या थेटरांची मालकी यांच्याकडे नव्हती, त्यांच्या गळ्यात चित्रपटांचा गठ्ठा मारला जायचा. एक चांगला हवा असेल तर सोबतचे पाच सुमार घ्या.

या कंपन्यांत वॉर्नर ब्रदर्स हात आखडून खर्च करणारी. एमजीएमकडे झुंबरं आणि रेशमी पडदे. वॉर्नरकडे ओला रस्ता, एक दिवा आणि भिंत. गोष्टी वर्तमानपत्रातून उचललेल्या, चित्रपट सव्वा-दीड तासाचे, काटछाट करून आवळलेले. गुंडपटाला नेमकं हेच लागत होतं. गरिबीची गोष्ट सांगायला स्वस्त सेटच बरा दिसतो.

जानेवारी १९३१ मध्ये ‘लिटल सीझर’ आला आणि एप्रिलमध्ये ‘द पब्लिक एनिमी’. दुसऱ्यात नायकाची भूमिका आधी एडवर्ड वुड्स करत होता, कॅग्नी त्याचा जोडीदार होता. चित्रीकरण सुरू झाल्यावर दिग्दर्शक विल्यम वेलमन याच्या लक्षात आलं की गाडी उलटी जुंपलीय. त्याने दोघांच्या भूमिका बदलून टाकल्या. एका प्रसंगात कॅग्नी भिंतीच्या कोपऱ्याआड उडी घेतो आणि मागची भिंत गोळ्यांनी फुटत जाते. त्या गोळ्या खऱ्या होत्या. कॅमेऱ्यापलीकडून एक नेमबाज मशीनगन चालवत होता. आठवड्याला ४०० डॉलर पगारात हेही आलं. तो प्रसंग आज पाहतानाही माझ्या अंगावर काटा येतो. पात्राच्या जिवासाठी नव्हे, त्या माणसाच्या जिवासाठी.

याच चित्रपटात नाश्त्याच्या टेबलावर कॅग्नी मे क्लार्क या नटीच्या तोंडावर कापलेलं ग्रेपफ्रूट चुरडतो. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाच्याच कुळातलं फळ. हा प्रसंग इतका गाजला की पुढे लोकांनी तो मजेत सांगायला सुरुवात केली. मला त्यात मजा दिसत नाही. तिचा चेहरा पाहा: ती अपमानाने रडवेली होते, आणि चित्रपट क्षणभरही तिच्यापाशी थांबत नाही. या सगळ्या जगात बायकांच्या वाट्याला एवढंच आलं, हे चांगल्या चित्रपटांबद्दलही स्पष्ट म्हटलं पाहिजे.

आणि मग शेवट. एक सरळमार्गी भाऊ, एक वाया गेलेला, आणि दोघांची आई. १९७५ च्या आपल्या ‘दीवार’नंतर हे घर आपल्याला परकं राहिलेलं नाही. निरोप आलाय की धाकटा इस्पितळातून घरी येतोय. आई आनंदाने वर त्याचा बिछाना घालतेय, ग्रामोफोनवर गाणं चाललंय. दारावर थाप पडते. थोरला दार उघडतो. दारात तो उभा आहे, नखशिखांत बँडेजमध्ये गुंडाळलेला, दोरीने बांधलेला. क्षणभर तसाच डुलतो आणि तोंडावर आत कोसळतो. वर आई गुणगुणतेय. गाणं संपतं आणि सुई नुसतीच खरखरत राहते. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरड नाही. इतकं भयंकर मरण मी क्वचितच पाहिलंय.

गुंड मेला म्हणून नीतीवाले शांत झाले असतील असं वाटेल. झाले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की पाच मिनिटांचं मरण पोरं विसरतात आणि ऐंशी मिनिटांचा तोरा लक्षात ठेवतात. खरं सांगायचं तर या म्हणण्यात तथ्य होतं. चित्रपटधंद्याने स्वतःच १९३० साली एक आचारसंहिता लिहून घेतली होती: प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला जाता कामा नये, कायद्याची टिंगल नको, गुन्ह्याची रीत शिकवायची नाही. सुरुवातीची काही वर्षं ती बरीचशी कागदावरच राहिली. तरी निर्माता हॉवर्ड ह्यूजच्या ‘स्कारफेस’ची फरपट झालीच. कपोनच्या आयुष्यावरून बेतलेला हा चित्रपट १९३१ मध्ये तयार होता, बाहेर पडला १९३२ मध्ये. नावाला ‘देशाची लाज’ अशी शेपटी जोडली. नागरिकांना जाब विचारणारा एक प्रसंग वरून चिकटवला. नायक पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो हेही पुरेसं वाटेना, म्हणून त्याला रीतसर फाशी देणारा वेगळा शेवट बनवला. गंमत म्हणजे त्या फाशीत पॉल म्युनी कुठेच दिसत नाही. तो तेव्हा उपलब्धच नव्हता. तरीही न्यूयॉर्कच्या सेन्सॉरचं समाधान झालं नाही.

१९३४ मध्ये कॅथलिक संघटनांनी बहिष्काराचं हत्यार उपसलं, तेव्हा धंदा वठणीवर आला. जोसेफ ब्रीन नावाच्या कडक माणसाकडे कारभार गेला. जुलैपासून प्रत्येक चित्रपटावर त्याच्या कचेरीचा शिक्का लागणार, शिक्क्याविना चित्रपट काढणाऱ्या सभासद कंपनीला २५,००० डॉलर दंड. इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो दूर करतो: हे सरकारी सेन्सॉर नव्हतं. कंपन्यांनी सरकार आणि चर्च आपल्या दारात येऊ नये म्हणून स्वतःच्याच घरात बसवलेला हा चौकीदार. पटकथा लिहितानाच ती त्याच्या टेबलावरून जायची. त्याच जुलैच्या २२ तारखेला शिकागोत जॉन डिलिंजर हा कुप्रसिद्ध दरोडेखोर केंद्रीय तपास खात्याच्या माणसांच्या गोळ्यांनी मेला, तोही थेटरातून बाहेर पडताना. आत त्याने गुंडाचाच चित्रपट पाहिला होता.

आता वॉर्नरपुढे प्रश्न आला. चेहरा तर लोकांना हवाय, पण तो गुंडाचा चालत नाही. त्यांनी साधी युक्ती केली: चेहरा तोच ठेवला, खिशातलं ओळखपत्र बदललं. १९३५ च्या ‘जी मेन’मध्ये कॅग्नी केंद्रीय तपास खात्याचा अधिकारी झाला. तेच खांदे, तीच जीभ, तेवढ्याच गोळ्या, पण आता सरकारच्या वतीने. पुढच्या वर्षी रॉबिन्सनही गुंडांत मिसळलेला पोलीस झाला. आज पडद्यावर नियम मोडणारा ‘आपला’ पोलीस दिसला की मला ही अदलाबदल आठवते.

या धांदलीत बोगार्टचा नंबर लागला. रंगभूमीवर त्याने ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’मध्ये फरारी गुंड केला होता. चित्रपटासाठी वॉर्नरला रॉबिन्सन हवा होता. पण नाटकाचा नायक लेस्ली हॉवर्ड याने तार करून ठणकावलं की बोगार्ट नसेल तर मीही नाही. १९३६ मध्ये चित्रपट आला आणि बोगार्ट टिकला. पुढे त्याने आपल्या मुलीचं नाव लेस्ली ठेवलं. मधली काही वर्षं मात्र त्याने कॅग्नी किंवा रॉबिन्सनच्या हातून मरण्यात घालवली. १९४०-४१ मध्ये जॉर्ज राफ्टने एकामागून एक भूमिका नाकारल्या, ‘हाय सिएरा’ आणि ‘द मॉल्टीज फाल्कन’. दोन्ही बोगार्टच्या ताटात पडल्या आणि त्याने त्यांचं सोनं केलं. त्याचा रांगडेपणा कॅग्नीच्या उलट, थकलेला. जगाकडून फार काही मागायचं नाही हे ठरवून बसलेल्या माणसाचा.

पडद्यावर सगळ्या शहराला धाकात ठेवणारी ही माणसं स्टुडिओच्या फाटकातून आत शिरली की पगारी नोकर होती. कॅग्नीला ते कधीच पचलं नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर घर चालवायला धडपडलेला माणूस होता तो; पैशाचा हिशेब त्याला तोंडपाठ. चित्रपट कमावतोय किती आणि आपल्या हाती पडतंय किती, हे तो मोजायचा. काम थांबवून त्याने पगार वाढवून घेतला आणि शेवटी करार मोडल्याबद्दल वॉर्नरवर खटला भरला. १९३६ मध्ये तो जिंकला. त्या काळी नटाने कंपनीला कोर्टात हरवणं जवळजवळ ऐकिवात नव्हतं. नटांच्या युनियनमध्ये तो सुरुवातीपासून होता, १९४२ ते १९४४ तिचा अध्यक्षही झाला. सात वर्षांच्या कराराचा खरा कणा मात्र ऑलिव्हिया दि हॅविलंड या नटीने मोडला. तिनेही वॉर्नरलाच कोर्टात खेचलं, आणि १९४४ च्या निकालाने ठरलं की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. मला वाटतं, त्या स्टुडिओत सगळ्यांत कणखर कोण असं विचारलं तर तिचं नाव घ्यावं. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मिती आणि थेटरं एकाच हातात ठेवायला मनाई केली, आणि ही कारखानदारी हळूहळू विस्कटली.

एक चित्रपट मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. १९३८ चा ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’, दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. दोन पोरं रेल्वेच्या डब्यात चोरी करायला शिरतात. पोलीस येतात. जेरी जोरात पळतो आणि सुटतो, रॉकी सापडतो आणि सुधारगृहात जातो. जेरी मोठेपणी पाद्री होतो, रॉकी गुंड. रॉकी म्हणजे कॅग्नी. त्याने खांदे उडवण्याची आणि मान वळवण्याची लकब आपल्या लहानपणच्या मोहल्ल्यातल्या एका खऱ्या माणसावरून उचलली होती. वस्तीतली पोरं रॉकीवर जीव टाकतात. त्याला मृत्युदंड होतो, आणि शेवटच्या रात्री जेरी कोठडीत येऊन मागणं मागतो: विजेच्या खुर्चीकडे जाताना भेकडासारखा मर. रड, ओरड, गयावया कर. म्हणजे पोरांच्या मनातला तुझा पुतळा फुटेल. रॉकी म्हणतो, माझ्याजवळ उरलंय तेवढंच, तेही मागतोस?

तो ताठ मानेने निघतो. वाटेत पहारेकऱ्याला एक ठोसाही लगावतो. दार येतं. आणि मग किंकाळी ऐकू येते. नको, मला मरायचं नाही. भिंतीवर झटापटीच्या सावल्या. सगळं आयुष्य कुणापुढे न वाकलेला माणूस रडतोय, भीक मागतोय.

त्याने मित्राचा शब्द राखला, की खरोखर धीर सुटला? चित्रपट सांगत नाही. कॅग्नीला लोक आयुष्यभर विचारत राहिले. तो सांगायचा की दोन्ही अर्थ निघावेत असंच मी ते केलं, तुम्हाला पटेल तो घ्या. संहितेला हवं ते सगळं तिथे आहे: गुन्हेगाराला शिक्षा, पोरांना धडा, पाद्र्याची जीत. कुणाचीही कात्री तिथे चालली नसती. आणि तरीही तिथे काय घडलं हे ब्रीनच्या कचेरीलाही ठरवता आलं नसतं.

ज्या चेहऱ्यावर वॉर्नरने इतकी वर्षं पैसा कमावला, तो चेहरा कर्टिझने त्या क्षणी दाखवलेलाच नाही. आवाज आहे, सावली आहे, आणि अगदी जवळून दिसतात ते लोखंडी रेडिएटरला घट्ट धरलेले दोन हात. पहारेकरी ते ओढून सोडवताहेत. मी हा प्रसंग कितीदा पाहिला असेल. दर वेळी मी त्या बोटांकडेच बघतो.